मोबाईलची तातडीची डागडुजी



धान्याच्या धंद्यात मालाची खरेदी जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची राखण महत्त्वाची असते. उत्तम भावाने घेतलेली तूर गोदामात भुंग्याने पोखरली, किंवा गव्हाच्या थप्पीत उंदरांनी वाट केली, तर हुशारीने केलेल्या खरेदीचे पाणी होते. म्हणूनच जुने व्यापारी सकाळी पेढी उघडल्यावर हिशेबाच्या वहीपूर्वी गोदामाची फेरी करीत. कोठे पोते फाटलेले दिसले, तर दाभण आणि सुतळी घेऊन तेथल्या तेथे टाका घातला जाई. नवे बारदान येईपर्यंत थांबण्याची पद्धत कोणत्याही शहाण्या पेढीवर नव्हती.

गेल्या दहा वर्षांत आपल्या पेढीची तिजोरी गादीजवळून उठून खिशात आली आहे. २०१६ साली यूपीआयची सोय सुरू झाली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. पुढे ई-वे बिल आले. आज बँकेचे खाते, वसुलीची पावती, दलालाशी झालेला सौदा, करखात्याचा ओटीपी, इतकेच काय, घरातील कागदपत्रांची छायाचित्रेही एका मोबाईलमध्ये असतात. गोडादऱ्यातील लहानात लहान किराणा दुकानदारापासून रिंगरोडवरील कापडाच्या मोठ्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वांची स्थिती ह्या बाबतीत सारखीच आहे. मग ह्या नव्या गोदामाची फेरी कोण करतो? त्याचे फाटलेले पोते कोण शिवतो? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

छिद्र कसे पडते?

मोबाईल अथवा टॅबलेट ज्या मूळ प्रणालीवर चालतो, ती माणसांनीच लिहिलेल्या लक्षावधी ओळींची बनलेली असते. एवढ्या मोठ्या लिखाणात चुका राहणे अपरिहार्य आहे. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. परंतु काही चुका अशा असतात की, त्यांचा माग लागलेल्या मनुष्यास परक्याच्या यंत्रात शिरता येते. ह्यांसच सुरक्षेतील छिद्रे म्हणावयाचे.

"मी कोणत्याही भलत्या दुव्यावर बोट ठेवीत नाही, तेव्हा मला भय नाही," असे अनेक सद्गृहस्थ म्हणतात. सावधगिरी चांगलीच, पण ती सर्वत्र पुरी पडत नाही. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइड प्रणालीत 'स्टेजफ्राइट' नावाने प्रसिद्ध झालेले एक छिद्र उघडकीस आले. चित्रफीत हाताळणाऱ्या भागातील ही चूक अशी होती की, मुद्दाम तयार केलेला एखादा संदेश येऊन पडला तरी फोन धोक्यात येऊ शके. त्यानंतरच, म्हणजे ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने अँड्रॉइडसाठी दरमहा सुरक्षा-सुधारणा देण्याचा परिपाठ सुरू केला. मे २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असेच एक छिद्र सापडले. त्यातून केवळ एक कॉल करून हेरगिरीचे साधन फोनात शिरविता येत होते. समोरच्याने तो कॉल उचलण्याचीही आवश्यकता नव्हती. जगातील सुमारे १,४०० व्यक्तींवर हा प्रयोग झाला आणि त्यांत भारतातील पत्रकार व मानवी हक्कांचे कार्यकर्तेही होते. तात्पर्य, आपण निर्दोष वागलो तरी यंत्राच्या दोषाचा दंड आपणास होऊ शकतो. त्या दोषावर उपाय एकच, आणि तो म्हणजे ज्याने यंत्र बनविले त्याने पाठविलेली सुधारणा वेळेवर बसविणे.

बारदान बदलणे आणि टाका घालणे

ह्या सुधारणा दोन प्रकारच्या असतात. त्यांतील भेद ध्यानी घेतला म्हणजे निम्मी भीती नाहीशी होते.

पहिला प्रकार म्हणजे संपूर्ण नवी आवृत्ती. तीत फोनचे रूप पालटते, नव्या सोयी येतात, डाउनलोड मोठे असते व वेळही लागतो. हे बारदान बदलण्यासारखे आहे. त्यासाठी चार दिवस थांबून, सवड पाहून काम केले तर चालण्यासारखे असते.

दुसरा प्रकार म्हणजे केवळ सुरक्षेची छोटी, तातडीची सुधारणा. तीत नवे काही मिळत नाही, केवळ छिद्र बुजते. हा दाभणाचा टाका होय. अ‍ॅपल कंपनीने आयफोन व आयपॅडसाठी अशी वेगळी व्यवस्था २०२२ साली जाहीर केली आणि १ मे २०२३ रोजी पहिला असा टाका सर्वांसाठी पाठविला. त्या वेळी आवृत्तीच्या १६.४.१ ह्या अंकापुढे कंसात 'ए' हे अक्षर दिसे, तीच त्याची खूण होती. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या २६.१ ह्या आवृत्तीपासून ह्याच कल्पनेस नवे रूप देण्यात आले असून, 'सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' ह्या विभागात 'बॅकग्राउंड सिक्युरिटी इम्प्रूव्हमेंट्स' ह्या नावाने त्याची कळ आहे. ती चालू ठेवली म्हणजे असे टाके आपोआप घातले जातात.

अँड्रॉइड फोनांत मासिक सुरक्षा-सुधारणेखेरीज आणखी एक सोय २०१९ मधील अँड्रॉइड १० पासून आली. तिला 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' म्हणतात. फोन बनविणाऱ्या कंपनीची वाट न पाहता प्रणालीचे काही भाग गूगलला थेट दुरुस्त करता यावेत, हा तिचा हेतू. मात्र येथे एक गोष्ट विसरली जाते. ही सुधारणा फोनात उतरली तरी फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय ती लागू होत नाही. महिनोन् महिने फोन बंदच न करणाऱ्या गृहस्थाच्या बाबतीत सुतळी ओवलेली दाभण पोत्यावर तशीच पडून राहते.

विलंबाचे मोल

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सुधारणा कधीतरी बसवायचीच आहे, मग आज काय आणि महिन्याने काय, असा प्रश्न सहज विचारला जातो. ह्याचे उत्तर असे की, सुधारणा जाहीर होते त्याच दिवशी छिद्राची बातमीही जाहीर होते. चोर नवी व जुनी प्रणाली शेजारी ठेवून पाहतो आणि नेमके कोठे टाका पडला हे शोधतो. ज्यांनी टाका घातला त्यांच्याकडे त्याला वाट उरत नाही. ज्यांनी घातला नाही त्यांच्या घराचा नकाशाच त्याच्या हाती येतो. म्हणजे सुधारणा येण्यापूर्वी जो धोका मोजक्या लोकांस ठाऊक होता, तो सुधारणा आल्यानंतर सर्व चोरांस ठाऊक होतो. विलंब करणाऱ्याचा धोका दर दिवसाने वाढतो, तो असा.

ह्याचे जे उदाहरण मी देणार आहे ते मोबाईलचे नसून संगणकाचे आहे. परंतु नियम एकच आहे, आणि परदेशी डाळी मागविणाऱ्या व्यापाऱ्यांना ते ठिकाण परिचयाचे आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज प्रणालीतील एका गंभीर छिद्रावर सुधारणा प्रसिद्ध केली. १४ एप्रिल रोजी त्याच छिद्रातून शिरण्याचे तयार हत्यार चोरांच्या एका टोळीने उघड्यावर टाकले. १२ मे रोजी, म्हणजे सुधारणा येऊन ५९ दिवस झाल्यावर, 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू सुटला आणि सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. एवढा गाजावाजा होऊनही अनेकांनी टाका घातला नाही. २७ जून रोजी, १०५ व्या दिवशी, 'नॉटपेट्या' हा दुसरा विषाणू आला. त्याने मर्स्क ह्या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर ठप्प केली आणि तिच्याच समूहाकडून चालविला जाणारा न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स हा धक्काही बंद पडला. जीएसटी लागू होण्यास तीन दिवस उरले असता, आधीच धावपळीत असलेल्या आयातदारांचे कंटेनर बंदरात अडकले आणि कामगारांना संगणकावाचून हाताने काम चालविण्याची वेळ आली.

मर्स्कला ह्या प्रकारात २५ ते ३० कोटी डॉलरांचा फटका बसल्याचे कंपनीनेच सांगितले. सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक तिला दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नॉटपेट्या केवळ त्या छिद्रातूनच पसरत नव्हता. एका यंत्रातून चोरलेले पासवर्ड वापरून तो शेजारच्या, टाका घातलेल्या यंत्रांतही शिरत होता. म्हणजे एकट्याने दुरुस्ती करून भागत नाही. सर्व थप्पी नीट असून एकच पोते किडके राहिले, तर कीड सर्व थप्पीस लागते.

हे सुरतकरांना वेगळे समजावून सांगावयास नको. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली तेव्हा स्वच्छ घरातील माणसांनाही शहर सोडून जावे लागले होते. १९९५ पासून महापालिका आयुक्त श्री. एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत गल्लीगल्लीतील कचरा उचलला जाऊ लागला, तेव्हाच शहराचे रूप पालटले. मोबाईलच्या आरोग्याचेही तसेच आहे. पेढीवरील दहा फोनांपैकी एकाचा व्हॉट्सअ‍ॅप परक्याच्या हाती गेला की, त्या नावाने बाकीच्या नऊ जणांना व दोनशे ग्राहकांना पैशांची मागणी जाते. तेथे बुडते ती रक्कम कदाचित लहान असते, पण पेढीची पत मोठी असते.

काही आक्षेप

आमच्या पेढीवरील मुनीमजींचे म्हणणे असे की, "शेठ, चालू गाडीला हात कशाला लावायचा? सुधारणा घेतली आणि फोनच बंद पडला तर वसुली कशी करायची?" हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ऐन हंगामात एक दिवस फोन बंद म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. शिवाय त्यांच्या बाजूने उदाहरणेही आहेत. १० जुलै २०२३ रोजी अ‍ॅपलने पाठविलेल्या दुसऱ्या तातडीच्या सुधारणेमुळे काही संकेतस्थळे नीट दिसेनाशी झाली व कंपनीला ती मागे घ्यावी लागली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

मुनीमजींना मी जे उत्तर दिले ते येथे देतो. अ‍ॅपलचा तो टाका उसवता येण्यासारखा होता आणि दोनच दिवसांत, १२ जुलै रोजी, दुरुस्त सुधारणा हाती आली. क्राउडस्ट्राइकच्या गोंधळाने कामाचा खोळंबा झाला, नुकसानही झाले. पण आपले खाते चोराने रिकामे केले, असे त्यातून घडले नाही. सदोष सुधारणेचे नुकसान उघड असते, सर्वांचे एकदम होते आणि बनविणारा धावून येतो. न बुजविलेल्या छिद्राचे नुकसान गुपचूप होते, एकट्याचे होते आणि त्या वेळी धावून येणारा कोणी नसतो. दोन जोखमींत व्यापाऱ्याने कोणती पत्करावी, हे सांगणे न लगे. शिवाय वसुलीसाठी एकाच फोनवर विसंबणे हीच मुळात कच्ची व्यवस्था आहे. दुसरा फोन तयार ठेवला की मुनीमजींचा आक्षेप उरत नाही.

"फोनात जागा नाही" असे म्हणणाऱ्यांनी सुप्रभातच्या चित्रांचा साठा एकदा चाळून टाकावा. "माझ्या फोनात चोरण्यासारखे काय आहे?" असे म्हणणाऱ्यांनी आपला बँकेचा ओटीपी कोठे येतो, एवढेच आठवावे.

दार ओळखणे

सुधारणा तातडीने घ्यावी, ह्या उपदेशाचा गैरफायदा घेणारेही आहेत. नॉटपेट्याचा विषाणू प्रथम पसरला तो युक्रेनमधील कर-हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारणेबरोबर. बनविणाऱ्याच्याच यंत्रणेत शिरून चोरांनी तो तिच्यात मिसळला होता. इतका कसबी डाव क्वचित घडतो आणि त्यापुढे सामान्य ग्राहकाचा इलाज चालत नाही. परंतु आपल्याकडे होणारे डाव फार साधे असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहतुकीचे चलन अथवा बँकेचे 'अपडेट' म्हणून 'एपीके' नावाची फाईल येते. ती उघडून बसविली की आपणच चोरास घरात घेतो आणि मग येणारे ओटीपी त्याच्याही हाती पडतात.

म्हणून नियम ध्यानात ठेवावा. खरी सुधारणा फोनच्या 'सेटिंग्ज'मधून येते आणि अ‍ॅपची सुधारणा 'प्ले स्टोअर' किंवा 'अ‍ॅप स्टोअर'मधून येते. संदेशातून, फोन करणाऱ्याकडून किंवा ओळखीच्याने पुढे पाठविलेल्या फाईलमधून सुधारणा कधीही घेऊ नये. पाठविणारा आपला सख्खा भाऊ असला तरी घेऊ नये. कारण त्या क्षणी भावाचा फोन कोणाच्या हाती आहे, हे आपणास ठाऊक नसते.

गल्ल्यावरचा जुना फोन

आता ज्या गोष्टीकडे मला सभासदांचे लक्ष विशेषत्वाने वेधावयाचे आहे, ती सांगतो. आपल्या समाजात काटकसर आहे आणि ती भूषणावह आहे. शेठने नवा फोन घेतला की जुना फोन गल्ल्यावरच्या मुलाकडे जातो, त्याहून जुना असेल तो घरी आईकडे जातो आणि जुना टॅबलेट नातवंडांच्या अभ्यासाला दिला जातो. वस्तू वाया जात नाही, हे खरे. पण ज्या फोनास आता सुरक्षा-सुधारणा येतच नाहीत, तोच नेमका रोकडीच्या जागी आणि घरातील सर्वांत भोळ्या माणसाच्या हाती आपण देतो, हेही तितकेच खरे. मजबूत कुलूप बैठकीच्या खोलीला आणि गंजलेले कुलूप तिजोरीला, असा हा प्रकार आहे.

फोन चालतो म्हणजे तो सुरक्षित आहे असे नव्हे. प्रत्येक फोनास सुधारणा मिळण्याचा काळ ठरलेला असतो. गूगलने २०२३ मधील पिक्सेल ८ साठी व सॅमसंगने २०२४ मधील गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांचे वचन दिले आहे. अ‍ॅपलने २०१३ मधील आयफोन ५ एस ह्या फोनासाठी जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा-सुधारणा दिली होती. कित्येक स्वस्त फोनांना मात्र हा काळ पुष्कळच कमी मिळतो. सबब फोन घेताना कॅमेरा किती मोठा हे विचारण्यापूर्वी सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हे दुकानदारास विचारावे. काळ संपलेला फोन गाणी ऐकण्यास किंवा घड्याळ म्हणून खुशाल वापरावा. त्यावर बँक, यूपीआय व पेढीचा व्हॉट्सअ‍ॅप ठेवू नये.

पेढीसाठी व घरासाठी नियम

१. अँड्रॉइड व गूगल यांच्या सुधारणा साधारणतः दरमहा येतात, तेव्हा तपासणीचा दिवसही मासिक असावा. ज्यांचा व्यवहार अमावास्येस बंद किंवा कमी असतो, त्यांनी तोच दिवस धरावा. घरातील व पेढीतील प्रत्येक फोन व टॅबलेट त्या दिवशी पाहावा.

२. अँड्रॉइडमध्ये 'सेटिंग्ज', 'अबाउट फोन', 'अँड्रॉइड व्हर्जन' अशा क्रमाने गेले असता सुरक्षा-सुधारणेची तारीख दिसते. काही फोनांत मांडणी थोडी निराळी असते. ती तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची असेल आणि नवी सुधारणाही येत नसेल, तर त्या फोनचा विचार करण्याची वेळ आली असे समजावे.

३. आयफोन व आयपॅडमध्ये 'सेटिंग्ज', 'जनरल', 'सॉफ्टवेअर अपडेट' येथे पाहावे व आपोआप सुधारणेची कळ चालू ठेवावी. तरीही महिन्यातून एकदा स्वतः पाहावे, कारण आपोआप येणारी सुधारणा कधी काही दिवस उशिरा येते.

४. केवळ सुरक्षेची छोटी सुधारणा आली तर त्याच रात्री घ्यावी. फोन चार्जरला व वायफायला जोडून ठेवावा आणि सकाळी एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.

५. मोठ्या आवृत्तीसाठी सवडीचा दिवस निवडावा आणि तत्पूर्वी फोनातील नोंदींची नक्कल दुसरीकडे ठेवावी. मर्स्कच्या एका मध्यवर्ती नोंदीची प्रत जगात एकाच ठिकाणी, घाना देशातील कार्यालयात, वाचली. कारण योगायोगाने तेथे त्या वेळी वीज गेलेली होती. आपण असल्या योगायोगावर अवलंबून राहू नये.

६. बँक, यूपीआय व व्हॉट्सअ‍ॅप यांच्या सुधारणाही त्याच दिवशी पाहाव्यात.

७. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा व आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडविता येणे हे सर्वस्वी वेळेवर अवलंबून असते.

ह्यातील कोणत्याही कामास विशेष विद्या लागत नाही. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसास जे जमते, ते आपल्या घरच्या शिकलेल्या सुना-मुलींना व मुलांना सहज जमेल. किंबहुना ही मासिक फेरी घरातील तरुण पिढीकडे सोपवावी आणि आजी-आजोबांचा फोन सर्वांत आधी पाहावा, अशी माझी सूचना आहे. येत्या वर्षात आपल्या संघटनेच्या प्रत्येक सभासदाने आपल्या पेढीच्या गल्ल्यावरील फोनची सुरक्षेची तारीख एकदा जरी तपासली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.